ख्याल लावला की झोपणारा ॲम्प

“अरे, सिनेमाची गाणी लावली तर ठीक चालतो. ख्याल लावला की झोपतो हा.”

मे महिन्यातला फोन. बोलणारे विलेपार्ले पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका. वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, कान अजून शाबूत. ‘हा’ म्हणजे त्यांचा पाच चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर, स्पीकर वाजवणारा ॲम्प पोटातच असलेला. विलंबित संपून द्रुत रंगात आलं की याच्या तोंडावर ‘प्रोटेक्ट’ अशी अक्षरं उमटायची आणि सगळं गप्प. दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू केला की चालायचा. दुकानातून सल्ला आला होता की स्पीकर मोठे आहेत, दीडशे वॅटचा ॲम्प घ्या. किंमत पंच्याऐंशी हजार. काकूंनी डोळे वटारले, म्हणून फोन माझ्याकडे. मी हौसेने ॲम्प उघडून बसणारा माणूस आहे आणि पैसे घेत नाही, हा माझा या घरातला मुख्य गुण.

आधी स्पीकरची कुळकथा सांगतो, कारण गाठ तिथेच होती. २००३ साली काकांच्या साडूंनी आखातातून परतताना ही जोडी आणली. जमिनीवर उभे राहणारे, प्रत्येकी खालच्या सुरांचे दोन वूफर, एक मधला, वरच्या सुरांचा एक ट्वीटर. तेव्हा काका कालिन्याला तळमजल्यावर राहायचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. स्पीकर पलंगावर आणि पलंगावरून माळ्यावर गेले म्हणून वाचले. ॲम्प, टर्नटेबल आणि खालच्या फळीवरच्या सगळ्या एलपी गेल्या. त्यामुळे आज त्यांना फोनो इनपुट लागत नाही. निवड करताना ही अट गळाली याचं मला वाईटच वाटलं. पुरानंतर घर बदललं, पुढे नातवाच्या हट्टाने रिसीव्हर आला, आणि पाच चॅनेलच्या त्या यंत्राला कायम दोनच स्पीकर जोडलेले राहिले.

स्पीकरच्या पाठीवरची पट्टी मी पुसून वाचली: ४ ओहम, ८८ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर), शिफारस ३० ते १५० वॅट. यातला शेवटचा आकडा लोक सगळ्यात आधी वाचतात. तो सगळ्यात कमी कामाचा. ८८ डेसिबलवर मात्र थांबायला हवं. २.८३ व्होल्ट दिले की मीटरभर अंतरावर एवढा आवाज, असा त्याचा अर्थ. २.८३ व्होल्ट ८ ओहमला दिले तर एक वॅट होतो, ४ ओहमला दिले तर दोन. म्हणजे या स्पीकरला मोजताना दुप्पट खाऊ घातलेलं आहे. एका वॅटचा हिशेब धरला तर तो ८५ डेसिबलचा. कंपनी खोटं बोलत नाही, पण ८ ओहमच्या ८८ डेसिबलवाल्या स्पीकरशेजारी हा ठेवून ‘दोन्ही सारखेच’ म्हणणारा दुकानदार फसतो किंवा फसवतो.

मग ४ ओहम. तेही नावापुरतंच असतं, कारण स्पीकरचा रोध स्वराप्रमाणे वरखाली होतो. तो मोजायला महागडं यंत्र लागत नाही. स्पीकरच्या वाटेत १० ओहमचा दहा वॅटी रेझिस्टर घातला, फोनच्या ॲपमधून एकेक सूर सोडला आणि मल्टिमीटरने आधी रेझिस्टरवरचे, मग स्पीकरवरचे व्होल्ट मोजले. १२० हर्ट्झला रेझिस्टरवर १.०० आणि स्पीकरवर ०.२९ व्होल्ट आले. म्हणजे तिथे रोध २.९ ओहम. वूफरच्या बॉक्सच्या घुमारीजवळ तोच स्पीकर २० ओहमपर्यंत चढत होता. (साधा मल्टिमीटर चार-पाचशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट धड वाचत नाही, म्हणून वरचं मोजण्याच्या फंदात मी पडलो नाही.)

हा आकडा बघून मी उडालोच. रोध जेवढा कमी तेवढा ॲम्पला करंट जास्त द्यावा लागतो. काकांचे आवडते गायक काळी एकच्या आसपासचे. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. डग्ग्याची घुमार याच टापूत. म्हणजे जिथे ख्याल राहायला येतो तिथेच स्पीकरचा रोध तळाला! मी काकांना लगेच सांगून टाकलं, “तुमचं म्हणणं बरोबर, ख्यालच याला झोपवतो.” काकांना फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी माझीच पंचाईत झाली. म्हटलं, उलट तपासून बघू. जुनी सिनेमाची गाणी, सोफ्यावर मोजून ख्यालाइतकाच आवाज, आणि सलग लावून ठेवली. पन्नासाव्या मिनिटाला रिसीव्हर झोपला. ख्यालाला अडतिसाव्या मिनिटाला झोपला होता. म्हणजे रोधाचा वाटा होता, पण मूळ कारण वेळ होतं. काका गाणी लावायचे ती चार-पाच, पंधरा मिनिटांत बंद. ख्याल लावला की पाऊण-एक तास उठायचे नाहीत. माझा सुंदर सिद्धांत निम्मा गळाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, “कालचंच उत्तर बरं होतं.”

स्वयंपाकघरातला थर्मामीटर टीव्ही युनिटच्या कपाटात रिसीव्हरवर ठेवला. खोलीत ३३ अंश, कपाटात चाळीस मिनिटांनी ५२. कपाटाला काचेचं दार, आणि ते बंदच, कारण हमरस्त्याची धूळ. काकूंचा त्यावर कटाक्ष.

इथे वॅटचा खरा हिशेब मांडतो. काका रोज जेवढ्या आवाजात ऐकतात तेवढा ठेवून मी स्पीकरच्या टर्मिनलला मीटर लावला. काटा सरासरी ०.८ व्होल्टच्या आसपास. ४ ओहमला ०.८ व्होल्ट म्हणजे ०.१६ वॅट, वॅटचा सहावा हिस्सा! काकांना खरं वाटेना. सोफ्यावर तेव्हा फोनचं ॲप ७५ डेसिबल दाखवत होतं, आणि गणितही तिथेच येतं. एका वॅटला ८५, दोन स्पीकर म्हणून तीन वाढवा, सोफा नऊ फुटांवर म्हणून पाचेक कमी करा (मोकळ्या मैदानात पावणेनऊ कमी झाले असते, बंद खोली काही परत देते), उरले ८३. त्यातून एक वॅटऐवजी ०.१६ वॅट म्हणून आठ वजा केले की ७५.

रविवारी सकाळी काकू भाजी आणायला गेल्या की काका आवाज वाढवतात. तेव्हा सरासरी ८४, म्हणजे साधारण सव्वा वॅट. पण गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, समेवर फेकलेला सूर सरासरीच्या पंधरा डेसिबल वर सहज जातो. पंधरा डेसिबल म्हणजे बत्तीसपट शक्ती, म्हणजे क्षणभरासाठी ४० वॅट. काकांच्या सगळ्यात बेफाम रविवारची गरज एवढीच. दुकानातल्या दीडशेवाल्याने पंच्याहत्तरच्या तुलनेत तीन डेसिबल दिले असते. दुप्पट वॅटला तीनच डेसिबल मिळतात, आणि कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण दहा लागतात, म्हणजे दहापट वॅट.

आता हे ४० वॅट कुणी देणं सोपं आहे का? व्होल्टच्या भाषेत ते १२.६ व्होल्ट. ४ ओहमला करंट ३.२ ॲम्पिअर, पण १२० हर्ट्झच्या खड्ड्यात तोच ४.४ वर जातो. ॲम्पची खरी कसोटी या करंटपाशी लागते, आणि बॉक्सवरच्या वॅटवरून ती कळत नाही. १९७८ साली आलेला एनएडीचा ३०२० हा ॲम्प कागदावर २० वॅटचा. तरी अवघड स्पीकर चालवायला तो नावाजला गेला, कारण क्षणभर बराच जास्त करंट द्यायची त्याची तयारी होती. काकांच्या रिसीव्हरच्या पुस्तिकेत १०० वॅट लिहिलेत, आणि खाली बारीक अक्षरांत: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विकृती. दहा टक्के विकृती म्हणजे तान फाटलेली ऐकू येते. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ अशा फुगवलेल्या आकड्याची चिकटपट्टी असायची, तिचा हा सुशिक्षित नातू. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम केला तो या रोगावरच.

एक वॅट बाहेर जात असताना कपाट ५२ अंशांवर का जातं, हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो नेमका होता. या रिसीव्हरसारखा क्लास एबी जातीचा ॲम्प स्पीकरला एक वॅट देताना स्वतः कितीतरी जास्त जाळतो. आतला पुरवठा समजा ४० व्होल्टचा, स्पीकरवर जातायत दोन-अडीच, मधले सगळे व्होल्ट ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन बसतात. सव्वा वॅटसाठी दर चॅनेलला वीसेक वॅट उष्णता. रोध निम्मा झाला तर करंट दुप्पट आणि उष्णताही दुप्पट. त्यात पाच चॅनेलचे नुसते जागे राहिलेले भाग, व्हिडिओचं सर्किट, ट्रान्सफॉर्मर, सगळं एका पेटीत, पेटी काचेआड, बाहेर मुंबईचा मे.

म्हणून पैसे न लागणारे उपाय आधी. कपाटाचं दार काढून ठेवलं. रिसीव्हर दोन तास चालला. प्रकरण इथेच संपायला हवं होतं, पण तिसऱ्या दिवशी काकूंनी दार परत लावलं. “धूळ कोण पुसणार, तू येतोस का रोज?” याला उत्तर नव्हतं. युनिटच्या उघड्या फळीवर रिसीव्हर मावत नाही, तो जवळजवळ सात इंच उंच आणि वर हवेला जागा हवी. मग पाठीमागचा ‘४ ओहम’चा स्विच बदलून पाहिला. बहुतेक रिसीव्हरमध्ये हा स्विच आतल्या पुरवठ्याचे व्होल्ट खाली आणतो, म्हणून उष्णता कमी होते आणि ताकदही. दार बंद ठेवून रिसीव्हर झोपला नाही खरा, पण रविवारच्या आवाजात तारसप्तकातल्या ताना काचेवर नख ओढल्यासारख्या. ॲम्पचे व्होल्ट संपले की लाटेची डोकी छाटली जातात, आणि त्यातून तयार झालेला वरचा कचरा ट्वीटरकडे जातो. कमी वॅटच्या ॲम्पने ट्वीटर जळतात ते असे.

एवढ्यात वायरही बदलून टाकली. पाच-पाच मीटरची, अर्ध्या स्क्वेअर एमएमची दिव्याची वायर होती. जाऊन-येऊन ०.३४ ओहम. २० ओहमला ते जाणवत नाही, २.९ ओहमला जवळजवळ एक डेसिबल खातं. घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घातली, ०.०७वर आलो. याहून महाग वायरीत काय असतं याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

मग तीन ॲम्प उसने आणले आणि चार संध्याकाळी काकांच्या घरी बसलो. आठ वाजता सुरू, पावणेदहाला बंद. निवासी भागाला ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण खरी मर्यादा भिंतीपलीकडच्या जोशीणबाईंची झोप. एक गोष्ट कटाक्षाने पाळली. प्रत्येक ॲम्पचा आवाज ४०० हर्ट्झच्या सुराला टर्मिनलवर बरोबर २ व्होल्ट येईल असा जुळवून घेतला. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा ॲम्प कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानातली निम्मी विक्री त्यावर होते.

पहिला ठाण्याच्या मित्राचा व्हॉल्व्हचा, आठ वॅटचा. दिसायला देखणा, काकू पहिल्यांदा हॉलमध्ये येऊन बसल्या. तानपुरा गोड. बंदिश सुरू झाली आणि काका म्हणाले, “बुवा आजारी वाटतात.” कान बरोबर होता. फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल आत आणून चूक सुधारायची सोय) नसलेल्या अशा ॲम्पचा स्वतःचा आउटपुट रोध दोनेक ओहम असतो. स्पीकर २० ओहमवर असतो तिथे एक डेसिबलही जात नाही, २.९वर साडेचार जातात. मधला फरक पावणेचार डेसिबलचा, आणि तो नेमका पुरुषी आवाजाच्या तळाशी. स्पीकर ८ ओहमचा आणि सपाट रोधाचा असता तर हाच ॲम्प मी त्यांना घ्यायला लावला असता.

दुसरा माझा क्लास डी, म्हणजे फार कमी तापणाऱ्या जातीचा, तळहातावर मावणारा. बॉक्सवर ‘१००+१००’. सोबतच्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट, ४.५ ॲम्पिअर, म्हणजे १०८ वॅट, दोन्ही चॅनेल मिळून. शंभर अधिक शंभर कुठून येणार? तरी काकांना लागणारे चाळीस त्यात होते आणि त्याने ते दिले, हातही न तापवता. काकूंचं मत यालाच, कारण तो दिसतच नव्हता. अडलं ते भलत्याच जागी. काका रात्री फार हळू ऐकतात, आणि त्या स्वस्त व्हॉल्यूम नॉबच्या सुरुवातीच्या टप्प्यात डावा चॅनेल उजव्याहून मोठा येतो. गायक सरकून खिडकीत बसतो. रिमोटही नाही. रिमोट नसलेला ॲम्प गुडघे दुखणाऱ्या माणसाला द्यायचा नसतो, हे मला काकूंनी शिकवलं.

तिसरा साधा दोन चॅनेलचा स्टिरिओ ॲम्प, माटुंग्याच्या एका वयस्क हौशी गृहस्थांनी विकायला काढलेला. ८ ओहमला ५० वॅट, ४ ओहमला ८०, दोन्ही चॅनेल चालू, पूर्ण ध्वनिपट्ट्यात. ही ५० आणि ८०ची जोडी मी दर वेळी शोधतो. आदर्श ॲम्प रोध निम्मा झाल्यावर शक्ती दुप्पट देईल, म्हणजे शंभर. ऐंशी देतो म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि पुरवठा लोड पेलतायत. पुस्तिकेत ४ ओहमचा आकडाच नसेल तर मी पुढचं पान उलटतो.

ऐकण्याचा निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर रोजच्या आवाजात काकांना रिसीव्हर आणि हा स्टिरिओ ॲम्प यांत फरक सांगता आला नाही. मी मागे उभा राहून वायरी बदलत होतो, ते डोळे मिटून तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार शोधत होते. खर्जाच्या तारेतून तो आपसूक उमटतो, आणि काकांची प्रत्येक यंत्राला हीच परीक्षा. दोन्हीत सापडला. सात वेळा विचारलं, चार वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी इतपतच आलं असतं. रविवारच्या आवाजात मात्र पहिल्या तानेलाच ओळखलं, सातपैकी सात.

घेतला तो तिसरा. चौदा हजार रुपये. चार इंच उंच, उघड्या फळीवर बसला, वर हवेला चार बोटं जागा राहिली आणि कपाटाचं दार काकूंच्या मर्जीप्रमाणे बंद राहिलं. तासाभराच्या ख्यालानंतर वरचा पत्रा ४१ अंश.

लावल्याबरोबर घूं असा आवाज यायला लागला. रिसीव्हरला टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडलेला होता, या ॲम्पला ऑप्टिकल इनपुट नाही म्हणून साधी वायर लावली होती. सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर उपटली की घूं बंद. इमारतीच्या गच्चीवरून फिरत येणाऱ्या त्या वायरीचं अर्थिंग एक आणि घरातल्या प्लगचं दुसरं, मधे आपला ॲम्प. हजारेक रुपयांचा छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲम्पला चालणारा साधा सिग्नल करणारा) मधे घालून पुन्हा ऑप्टिकल केली. ऑप्टिकल केबल प्रकाश नेते, वीज नेत नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. तारेने जोडलेल्या वाटेवर माणसं फिल्टरं लावत बसतात.

तीन आठवड्यांनी दुसरा फोन. रात्री हळू लावलं की डावा स्पीकर जातो, आवाज वाढवला की खट्कन येतो. या लक्षणाला मुंबईत मी न उघडताच नाव देतो: आउटपुटच्या रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याचे) पॉइंट काळे पडले. खारी दमट हवा, आणि पावसाळा सुरू झालेला. विकणाऱ्यांकडे तो रोज मोठ्याने वाजत होता, त्यामुळे दिसलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाचा रिले आणला, एका दुपारचं काम.

एक तक्रार तशीच राहिली. डग्गा अजून थोडा फुगतो. त्याला कुठलाही ॲम्प काही करू शकत नाही. हॉल पंधरा बाय दहा, छत नऊ फुटांवर. नऊ फुटांची घुमार ६३ हर्ट्झला, पंधरा फुटांची दुसरी ७५ला, आणि खर्जाचे ६९ मधोमध अडकलेले. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले तेव्हा बरंच सुधारलं. दीड फूट ओढले असते तर आणखी, पण तिथून काकूंचा देवघराकडे जायचा रस्ता.

रिसीव्हर नातवाने पवईला नेला. त्याचे स्पीकर ८ ओहमचे, रिसीव्हर उघड्या टेबलावर. गेल्या दिवाळीपासून एकदाही झोपलेला नाही.